वाळूतले थोटूक : समुद्रकिनाऱ्यावरील धूम्रपानबंदीचा इतिहास

१/ अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याने २०२२ मध्ये एक कायदा केला. त्यानुसार तेथील नगरपालिकांना व परगण्यांना आपापल्या समुद्रकिनाऱ्यांवर धूम्रपानबंदी करण्याची मुभा मिळाली. मात्र त्यात एक अपवाद ठेवला गेला : फिल्टर नसलेला सिगार. सिगारचा धूर सिगारेटच्या धुरापेक्षा निरुपद्रवी असतो, असे कोणताही डॉक्टर म्हणणार नाही. मग ही सूट का? #धागा #इतिहास

२/ या सवलतीमागे सिगार-व्यवसायाचे हित किती होते, हा वेगळा प्रश्न. परंतु तिचे जाहीर समर्थन एकाच पायावर उभे राहू शकते. कायद्याला चिंता धुराची नसून धूर संपल्यावर वाळूत उरणाऱ्या वस्तूची आहे, हा तो पाया. किनाऱ्यावरील धूम्रपानबंदीचा इतिहास म्हणजे बव्हंशी या उरलेल्या वस्तूचा, थोटकाचा, इतिहास आहे. त्याची सुरुवात समुद्रापासून दूर, इस्पितळांत आणि प्रयोगशाळांत झाली.

३/ १९५० साली ब्रिटनमध्ये रिचर्ड डॉल व ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी, तर अमेरिकेत अर्न्स्ट विंडर व एव्हार्ट्स ग्रॅहॅम यांनी धूम्रपान आणि फुप्फुसांचा कर्करोग यांचा संबंध दाखवणारे अभ्यास प्रसिद्ध केले. डिसेंबर १९५२ मध्ये ‘रीडर्स डायजेस्ट’ने हा विषय घराघरांत पोहोचवला. तंबाखू कंपन्यांपुढे पेच उभा राहिला : भ्यालेल्या गिऱ्हाइकाला धरून कसे ठेवायचे?

४/ त्यांनी शोधलेले उत्तर म्हणजे फिल्टर. १९५२ मध्येच ‘केंट’ ही सिगारेट ‘मायक्रोनाइट’ फिल्टरसह बाजारात आली. आरोग्याची काळजी घेणारी सिगारेट म्हणून तिची जाहिरात झाली. त्या फिल्टरमध्ये पहिली काही वर्षे ॲस्बेस्टॉस वापरले जात होते. एका कर्करोगाच्या भीतीवर उतारा म्हणून दुसऱ्या कर्करोगाचे कारण ओठांशी नेले गेले.

५/ पुढे ॲस्बेस्टॉस गेले आणि सेल्युलोज ॲसिटेटचे फिल्टर सर्वत्र रूढ झाले. आर. जे. रेनल्ड्स कंपनीतील रसायनशास्त्रज्ञ क्लॉड टीग यांनी १९५३ मध्ये एक युक्ती सुचवली. धूर लागताच फिल्टरचा रंग पालटला, तर तो काम करतो आहे असे ओढणाऱ्याला वाटेल; प्रत्यक्षात तो किती गाळतो, हा प्रश्न गौण. ही नोंद कंपनीच्या अंतर्गत कागदपत्रांतून पुढे अभ्यासकांच्या हाती आली.

६/ १९५० च्या सुमारास अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सिगारेटींत फिल्टरच्या सिगारेटी शंभरात जेमतेम एखादी असत. १९६० पर्यंत त्या निम्म्यावर गेल्या आणि पुढे बिनफिल्टरची सिगारेट जवळपास दिसेनाशी झाली. आरोग्याचा लाभ मात्र झाला नाही. १९५० च्या दशकानंतर सिगारेटच्या रचनेत झालेल्या बदलांमुळे फुप्फुसांच्या ॲडिनोकार्सिनोमा या कर्करोगाचा धोका वाढला, असा निष्कर्ष अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या २०१४ च्या अहवालाने काढला. त्या बदलांपैकी सच्छिद्र फिल्टरकडे अहवालाने संशयाचे बोट दाखवले.

७/ सेल्युलोज ॲसिटेट मूळचे लाकडाच्या लगद्यापासून होते, म्हणून ते कापसासारखे भासते. पण रासायनिक प्रक्रियेनंतर ते प्लास्टिक बनते. एका फिल्टरमध्ये असे १२,००० हून अधिक तंतू असतात. ते मातीत लवकर मिसळत नाहीत, झिजून सूक्ष्म तंतूंत विखुरतात. शिवाय फिल्टर धुरातले जे काही अडवतो, ते त्याच्याच अंगात साठून राहते. पाण्यात पडल्यावर ते हळूहळू बाहेर झिरपते.

८/ सॅन डिएगो स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी २०११ मध्ये याची मोजणी केली. ओढून टाकलेल्या सिगारेटचे, थोडी तंबाखू शिल्लक असलेले, साधारण एक थोटूक प्रतिलिटर या प्रमाणात पाण्यात भिजवले असता त्यात सोडलेल्या माशांपैकी निम्मे ९६ तासांत मेले. एक जात समुद्रातली होती, दुसरी गोड्या पाण्यातली. तंबाखू काढून नुसते वापरलेले फिल्टर भिजवले, तरी ते घातक ठरले. फक्त संख्या अधिक लागली. खुल्या समुद्रात विष विरळ होते हे खरे. पण खडकांतल्या डबक्यांत आणि खाडीच्या मुखाशी साचलेल्या पाण्यात तेवढे पाणी नसते.

९/ हे सारे कळण्याच्या कितीतरी आधी कायद्याने धूम्रपानावर बंधने घालायला सुरुवात केली होती, पण वेगळ्याच कारणाने. १९८१ मध्ये ताकेशी हिरायामा यांनी जपानमधील ९१,००० हून अधिक धूम्रपान न करणाऱ्या विवाहित स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांचे पती धूम्रपान करत, त्यांना फुप्फुसांच्या कर्करोगाचा धोका अधिक होता. दुसऱ्याच्या धुराने तिसऱ्याचा जीव जातो, ही गोष्ट वैद्यकीय वादाच्या केंद्रस्थानी आली.

१०/ १९८६ चा सर्जन जनरलचा अहवाल आणि जानेवारी १९९३ मधील अमेरिकी पर्यावरण संरक्षण संस्थेचा अहवाल यांनी त्याला दुजोरा दिला. १९९५ पासून कॅलिफोर्नियात बहुतेक बंदिस्त कामाच्या जागी धूम्रपान बंद झाले. १९९८ मध्ये मद्यालयेही त्या कक्षेत आली. या साऱ्या कायद्यांचा तर्क एकच होता : जिथे भिंती आणि छप्पर आहे, तिथे धूर कोंडतो, म्हणून तिथे बंदी.

११/ या तर्काची सीमा आर्नोल्ड श्वार्झनेगर यांच्या तंबूने नेमकी दाखवली. कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर असताना सरकारी इमारतीत सिगार ओढता येईना, म्हणून त्यांनी विधिमंडळाच्या आवारातल्या चौकात तंबू ठोकला. वाटाघाटींसाठी आलेले आमदार तिथेच बसत. भिंत ओलांडली की धुराचा कायदा संपत असे. आणि समुद्रकिनाऱ्याला तर एकही भिंत नाही.

१२/ तिथे दुसरा युक्तिवाद लागणार होता. तो पुरवला मोजणीने. १९८६ मध्ये टेक्सासच्या किनाऱ्यावर लिंडा मॅरॅनिस यांनी सहकारी कॅथी ओ’हारा यांच्यासह स्वच्छता मोहीम आखली. सुमारे २,८०० स्वयंसेवक आले आणि १२४ टन कचरा उचलला गेला. किनारे त्याआधीही झाडले जातच होते. या दोघींनी मात्र प्रत्येक स्वयंसेवकाच्या हाती एक तक्ता दिला आणि उचललेली प्रत्येक वस्तू त्यावर नोंदवायला सांगितली.

१३/ त्या मोहिमेतून पुढे आंतरराष्ट्रीय किनारा स्वच्छता मोहीम उभी राहिली. दरवर्षी जगभरचे स्वयंसेवक तेच तक्ते भरू लागले आणि दरवर्षी यादीच्या शिरोभागी एकच नाव येऊ लागले : सिगारेटचे थोटूक. पहिल्या ३२ वर्षांत अशी सहा कोटींहून अधिक थोटके वेचली गेली. खाद्यपदार्थांच्या वेष्टनांनी त्यांना पहिल्या क्रमांकावरून हटवले ते थेट २०१९ च्या मोहिमेत. तेव्हाही थोटके ४२ लाखांच्या घरात होती.

१४/ आकडे हाती आले, तसे किनाऱ्यावरच्या नगरपालिका हलल्या. सॅन डिएगो परगण्यातील सोलाना बीच या लहानशा शहराने २००३ मध्ये आपल्या किनाऱ्यावर धूम्रपानबंदी केली. कॅलिफोर्नियातले ते पहिले शहर. २००४ मध्ये सांता मोनिका आणि लॉस एंजेलिस यांनी तोच मार्ग धरला. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात सिडनीच्या मॅनली व बाँडाय या प्रसिद्ध किनाऱ्यांवरही बंदी आली.

१५/ राज्यस्तरावर मात्र वाट बिकट होती. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने सर्व राज्य उद्याने व किनारे यांसाठी केलेले विधेयक २०१० मध्ये श्वार्झनेगर यांनी नकाराधिकार वापरून परत पाठवले. लोकांच्या आयुष्यात सरकारचा हा अनुचित शिरकाव आहे, असे त्यांचे म्हणणे. त्यांचे उत्तराधिकारी, विरुद्ध पक्षाचे जेरी ब्राउन यांनीही २०१६, २०१७ आणि २०१८ अशी सलग तीन वर्षे तेच केले. निर्जन किनाऱ्यावरही ओढायचे नाही, तर मग ओढायचे कुठे, हा त्यांचा प्रश्न होता.

१६/ हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. धुराच्या तर्काने पाहिले तर त्याला उत्तर नाही. निर्जन किनाऱ्यावर धूर कोणाला बाधणार? थोटकाच्या तर्काने पाहिले तर उत्तर सोपे आहे : माणूस निघून जातो, थोटूक तिथेच राहते आणि भरती ते घेऊन जाते. अखेर ऑक्टोबर २०१९ मध्ये गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी विधेयकावर सही केली. १ जानेवारी २०२० पासून ते लागू झाले. दंड कमाल २५ डॉलर.

१७/ इथे दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. कोलंबिया विद्यापीठातील रोनाल्ड बेयर आणि कॅथलीन बॅकिन्स्की यांनी २०१३ मध्ये अशा बंदींचा चिकित्सक आढावा घेतला. १९९३ ते २०११ या काळात अमेरिकेत ८४३ उद्यानांत आणि १५० हून अधिक किनाऱ्यांवर बंदी आली होती. समर्थनार्थ तीन कारणे दिली जात : आसपासच्यांना होणारा धूर, थोटकांचा कचरा आणि मुलांपुढचा वाईट आदर्श.

१८/ या कारणांसाठी दिला जाणारा पुरावा दाव्यांच्या मानाने दुबळा आहे, असे त्यांनी दाखवले. त्यांच्या मते खरा हेतू धूम्रपानाला समाजाच्या नजरेतून उतरवण्याचा होता. तो हेतू वाईट नाही, पण तो उघड न बोलता दुसऱ्याच कारणांआड ठेवला, तर लोकांचा आरोग्ययंत्रणेवरचा विश्वास ढळतो, असा त्यांचा इशारा होता. पर्यावरण हे कारण खरे आहे की सोयीचे, हा प्रश्न त्यामुळे या इतिहासाला कायमचा चिकटला.

१९/ इतर देशांत हीच सरमिसळ दिसते. थायलंडने २०१७ च्या अखेरीस निवडक पर्यटनकिनाऱ्यांवर बंदी आणताना कचऱ्याचेच कारण दिले. शिक्षा मात्र एक लाख बाथपर्यंत दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद इतकी कडक. बार्सिलोनाने जुलै २०२२ पासून शहरातल्या सर्व किनाऱ्यांवर बंदी केली. दंड ३० युरो. फ्रान्सने जून २०२५ च्या अखेरीस देशभरातील किनारे, उद्याने व बसथांबे धूम्रपानमुक्त केले. दंड १३५ युरो. तिथे सरकारने पुढे केलेले मुख्य कारण मुलांचे होते, आणि उपाहारगृहांबाहेरची टेबले वगळली गेली.

२०/ दंडाचे आकडे निरनिराळे असले तरी या सर्व कायद्यांत एक साम्य आहे. दंड भरतो तो ओढणारा. फिल्टर बनवणारा यात कुठेच येत नाही. ही मांडणी आपोआप झालेली नाही. तंबाखू कंपन्यांची जी अंतर्गत कागदपत्रे पुढे खटल्यांमुळे खुली झाली, त्यांतून दिसते की थोटकांचा प्रश्न कंपन्यांना दशकानुदशके ठाऊक होता. त्यांनी खिशात ठेवायच्या राखदाण्या वाटल्या आणि ‘कीप अमेरिका ब्युटिफुल’सारख्या स्वच्छता संस्थांना निधी दिला.

२१/ राखदाणी वाटण्यामागचा अर्थ स्पष्ट आहे : दोष वस्तूचा नाही, ती कुठेही टाकणाऱ्या हाताचा आहे. पण शहराच्या रस्त्यावर टाकलेले थोटूकही पहिल्या पावसात गटारात जाते, गटारातून नाल्यात आणि नाल्यातून समुद्रात. किनाऱ्यावर एकानेही सिगारेट पेटवली नाही, तरी पावसाळ्यानंतर वाळूत थोटके सापडतात. किनाऱ्यावरची बंदी प्रवाहाच्या शेवटच्या टोकाशी उभी असते.

२२/ युरोपीय संघाने २०१९ च्या एकदाच वापरायच्या प्लास्टिकविषयीच्या निर्देशात प्रथमच उगमाकडे पाहिले. फिल्टर असलेल्या तंबाखू उत्पादनांच्या पाकिटांवर ‘यात प्लास्टिक आहे’ अशी सूचना बंधनकारक झाली आणि थोटके साफ करण्याचा खर्च उत्पादकांनी उचलावा, असे ठरले. स्पेनमध्ये २०२३ च्या आरंभापासून ही जबाबदारी कंपन्यांवर आली. फिल्टरवर सरसकट बंदी मात्र युरोपनेही घातली नाही.

२३/ भारतात हा इतिहास वेगळ्या वळणाने गेला. गोव्याने १९९७ मध्येच धूम्रपान व थुंकणे यांना प्रतिबंध करणारा कायदा केला. केरळ उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान करणे बेकायदा ठरवले. मुंबईचे माजी महापौर मुरली देवरा यांच्या याचिकेवर २ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दवाखाने, शाळा, ग्रंथालये, न्यायालये, सार्वजनिक वाहने अशा ठिकाणी देशभर बंदीचा आदेश दिला. आधार होता घटनेच्या २१ व्या कलमातील जीविताच्या हक्काचा.

२४/ त्यानंतरचा २००३ चा केंद्रीय तंबाखू नियंत्रण कायदा याच वाटेने गेला. त्यातील ‘सार्वजनिक जागे’ची व्याख्या लांबलचक आहे, तिच्या शेवटी मात्र चार शब्दांची मेख आहे : खुल्या जागांचा समावेश नाही. म्हणजे ज्या मुंबईच्या नेत्याच्या याचिकेने या कायद्याला चालना दिली, त्याच मुंबईची गिरगाव चौपाटी किंवा जुहूची पुळण या मूळ व्याख्येच्या बाहेर राहते. भिंतींचा तर्क इथे कायद्याच्या शब्दांतच कोरला गेला आहे.

२५/ प्लास्टिकच्या बाजूने पाहिले तरी हीच फट दिसते. १ जुलै २०२२ पासून देशात एकदाच वापरायच्या काही प्लास्टिक वस्तूंवर बंदी आली. त्या यादीत मिठाईच्या खोक्यांवरचे, निमंत्रणपत्रिकांवरचे आणि सिगारेटच्या पाकिटावरचे पातळ प्लास्टिक वेष्टन आहे. पाकिटातल्या प्रत्येक सिगारेटच्या टोकाशी असलेला फिल्टर मात्र त्या यादीत नाही. वेष्टन बंद झाले, थोटूक वाचले.

२६/ आणि मग येते विडी. टेंभुर्णीचे पान, आत तंबाखू, वर दोरा, फिल्टर नाही. सिन्नर, सोलापूर, गोंदिया या गावांची कित्येक घरे तिच्यावर चालली आहेत आणि देशातल्या गरीब धूम्रपान करणाऱ्यांचा मोठा वर्ग तिचाच आहे. तिचे टोक वाळूत पडले तर उरलेल्या तंबाखूचे विष झिरपेल, पण प्लास्टिकचे तंतू मागे राहणार नाहीत. ओढणाऱ्याच्या फुप्फुसांना मात्र ती सिगारेटइतकीच घातक आहे.

२७/ फ्लोरिडाच्या सिगारचा प्रश्न इथे विडीच्या रूपाने पुन्हा उभा राहतो. उद्या कोकणात किंवा गोव्यात किनाऱ्यावर बंदी आली आणि कारण केवळ प्लास्टिकचे दिले, तर तर्काने विडी सुटली पाहिजे. कारण आरोग्याचे दिले, तर विडीही अडेल. पण मग खुल्या हवेत धूर कोणाला बाधतो, याचे उत्तर द्यावे लागेल. दोन्ही कारणे एकाच फलकावर लिहिली, तर दंड बहुधा विडीवाल्यालाच होईल, कारण पावती फाडायला तोच सर्वांत सोपा.

२८/ किनाऱ्यासाठी स्वतंत्र नियम करणे अशक्य नाही. गोव्याने २०१९ मध्ये पर्यटनस्थळांविषयीच्या कायद्यात दुरुस्ती करून किनाऱ्यावर उघड्यावर मद्यपान, बाटल्या फोडणे आणि स्वयंपाक यांवर बंदी घातली. एका व्यक्तीला २,००० रुपये दंड ठेवला. फुटलेल्या काचेने पाय कापतो, हे कारण कोणालाही समजावून सांगावे लागले नाही. थोटकाची इजा डोळ्यांना दिसत नाही, एवढाच फरक.

२९/ गेल्या सत्तर वर्षांचा क्रम जोडून पाहिला तर चित्र असे दिसते. कर्करोगाच्या भीतीतून फिल्टर जन्मला. त्याने माणसाला वाचवले नाही, पण समुद्रात टिकून राहण्याइतका तो चिवट निघाला. भिंतींच्या आतला धूर कायद्याने हटवला आणि ओढणारा उघड्यावर आला. उघड्यावर त्याने टाकलेले थोटूक कोणीतरी तक्त्यावर मोजले, आणि त्या मोजणीतून किनाऱ्यावरची बंदी उभी राहिली.

३०/ म्हणून किनाऱ्यावरची बंदी चुकीची ठरत नाही. ती अपुरी ठरते. वाळू स्वच्छ ठेवायला ती उपयोगी आहे, आणि वाळू स्वच्छ राहणे ही लहान गोष्ट नाही. पण ज्या वस्तूने आरोग्याचा एकही शब्द पाळला नाही, ती वस्तू बनवण्याचीच गरज काय, हा प्रश्न चौपाटीवरच्या शिपायाच्या पावतीपुस्तकात मावत नाही. तो कारखान्याच्या दारात विचारावा लागतो. युरोपने तिथपर्यंत निम्मी वाट चालून दाखवली आहे; भारताच्या कायद्याने अजून पाकिटावरचे वेष्टन तेवढे उलगडले आहे.

(समाप्त)